कबड्डीत डोक्याला मुका मार. सीटी आणि एमआरआय दोन्ही स्वच्छ, तरी त्रास कायम. डीटीआय करून घ्यावे का?

मासुंदाकाठ :

नमस्कार. माझ्या मुलीविषयी विचारायचे आहे. थोडे सविस्तर लिहिते, कारण अर्धवट माहितीवर कोणाला सल्ला द्यायला लावणे योग्य नाही.

आम्ही ठाण्यात राहतो. मुलगी १९ वर्षांची आहे, कोपरखैरण्याला अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकते आणि सातवीपासून कबड्डी खेळते. डावा कोपरा ही तिची जागा. सात आठवड्यांपूर्वी सरावाच्या सामन्यात चढाई करणाऱ्या मुलीचा घोटा धरायला ती खाली झेपावली आणि त्या मुलीचा गुडघा तिच्या कानशिलावर बसला. ती बेशुद्ध पडली नाही, स्वतःच उठली. पण गुण किती झाले हे तिने मैत्रिणीला तीनदा विचारले आणि आपण कोणत्या संघाशी खेळत आहोत हे तिला सांगता येईना. घरी आल्यावर दोन उलट्या झाल्या, म्हणून रात्रीच रुग्णालयात नेले. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता, हाड मोडलेले नव्हते. डॉक्टरांनी कन्कशनचे, म्हणजे धक्क्याने मेंदूला झालेल्या सौम्य इजेचे निदान केले, दोन दिवस विश्रांती सांगितली आणि पंधरवड्यात बरे वाटेल असा धीर दिला. तसे झाले नाही, म्हणून चौथ्या आठवड्यात एमआरआय केला. तोही नॉर्मल आला.

आज तिची स्थिती अशी आहे. सकाळी ती जवळपास पूर्वीसारखी असते, दुपारनंतर डोके जड होते. पुस्तकाची दोन पाने वाचली की ओळी एकमेकींत मिसळतात. वाशी लोकलमध्ये उभी राहिली की रबाळे येईपर्यंत तिला मळमळू लागते. वर्गात शिकवलेले समजते, परंतु त्यासाठी इतकी शक्ती खर्च होते की घरी आल्यावर ती न जेवता झोपते. प्रशिक्षक म्हणतात की रिपोर्ट स्वच्छ आहेत तर मॅटवर यायला हरकत काय. नातेवाईक म्हणतात की परीक्षेची भीती असेल. आणि एका संध्याकाळी मी स्वतःही तिला म्हणाले, "सगळे रिपोर्ट चांगले आहेत, आता तू मनावर घे." ती काही बोलली नाही, दिवा मालवून भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. ते मला अजून विसरता आलेले नाही.

ओळखीतल्या एकांनी सुचवले आहे की डीटीआय नावाचा प्रगत एमआरआय करावा. त्यात मेंदूतील तंतूंचा रंगीत नकाशा मिळतो आणि साध्या एमआरआयमध्ये न दिसणारी इजा कळते. सोबत एफएमआरआयही करता येईल असे ते म्हणाले. खर्च आमच्या घराच्या एका महिन्याच्या हप्त्याएवढा आहे. गरज असेल तर तो आम्ही करू. मेंदूविकारतज्ज्ञांनी 'आवश्यकता नाही' एवढेच सांगितले. बाहेर रुग्णांची रांग होती, त्यामुळे कारण विचारायचे राहून गेले. या तपासण्यांत नेमके काय दिसते, त्यावरून 'आता ती बरी झाली, खेळू द्या' असे ठरवता येते का, आणि त्याही नॉर्मल आल्या तर मी तिला काय सांगायचे, हे मला समजून घ्यायचे आहे.


पारसिकपायथा :

ताई, मी रेडिओलॉजिस्ट आहे. तीस वर्षांहून अधिक काळ सीटी आणि एमआरआय वाचण्याचे काम केले, आता नेरुळला निवृत्त आयुष्य जगतो. मुलीला तपासल्याशिवाय उपचारांविषयी बोलणार नाही, परंतु या तपासण्या काय सांगतात आणि काय सांगू शकत नाहीत, हे नक्की सांगू शकतो.

आधी 'नॉर्मल' या शब्दाविषयी. अपघाताच्या रात्री केलेला सीटी स्कॅन मुख्यतः एकाच प्रश्नाचे उत्तर शोधत असतो : कवटीच्या आत रक्त साचते आहे का आणि शस्त्रक्रियेसाठी धावपळ करावी लागणार आहे का. त्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आले, ही फार चांगली गोष्ट झाली. मात्र कन्कशन ही इजा त्या प्रश्नाच्या कक्षेत येतच नाही. खरवसाचा डबा हातात धरून झटक्याने फिरवला आणि थांबवला, तर डबा जागेवर राहतो, पण आतला खरवस हेलकावतो आणि पिळवटला जातो. डोके असे झटकन वळले की मेंदूतील लांबच लांब चेतातंतूंवर ताण येतो. ते तुटतातच असे नाही. त्यांच्या पटलातून पोटॅशियम बाहेर पडते, कॅल्शियम आत शिरते, आणि हा असमतोल निस्तरण्यासाठी पेशींना नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त ऊर्जा लागते; नेमक्या त्याच काळात मेंदूचा रक्तपुरवठा मात्र घटलेला असू शकतो. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील गिझा आणि होव्हडा यांनी २००१ मध्ये ही साखळी नीट मांडून दाखवली. मागणी वाढलेली आणि पुरवठा आटलेला, अशा अवस्थेचे चित्र सीटीमध्ये उमटत नाही.

साध्या एमआरआयमध्येही ते का उमटत नाही, याचे कारण मापाचे आहे. चेतातंतूची जाडी साधारण एक मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास असते. एमआरआयच्या चित्रातील एकेक ठिपका मात्र मिलिमीटरच्या मापाचा असतो आणि तेवढ्या जागेत लाखो तंतू बसतात. त्यांतील काही दुखावले तरी ठिपक्याचा करडेपणा बदलत नाही. तेव्हा तुमच्या मुलीच्या अहवालातील 'नॉर्मल' याचा अर्थ 'या मापाने पाहिले असता काही दिसले नाही' एवढाच घ्यावा. तिला काही झालेले नाही, असा तो घेऊ नये.

आता डीटीआय. पीटर बासर, जेम्स मॅटिएलो आणि डेनिस ल बिहान यांनी १९९४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत हे तंत्र मांडले. भाताच्या पेंढीवर पाणी ओतले तर ते काड्यांच्या लांबीच्या दिशेने सहज ओघळते आणि आडवे जाताना अडखळते. मेंदूतील पाण्याचे रेणूही तंतूंच्या जुड्यांमधून असेच सरकतात. हे सरकणे किती प्रमाणात एकाच दिशेला बांधलेले आहे, याला शून्य ते एक असा आकडा देतात. जुडी घट्ट आणि शाबूत असेल तर आकडा मोठा, विस्कटली असेल तर लहान. कल्पना सुंदर आहे आणि संशोधनात तिचा मोठा उपयोग झाला आहे.

त्या रंगीत नकाशाविषयी मात्र एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण रुग्णांचे नातेवाईक ते चित्र हातात घेऊन घाबरलेले मी पाहिले आहेत. त्यातील रंग इजेचे नसतात. लाल म्हणजे डावीकडून उजवीकडे जाणारे तंतू, हिरवा म्हणजे पुढून मागे जाणारे आणि निळा म्हणजे वरून खाली जाणारे, असा केवळ दिशेचा संकेत ठरलेला आहे. ठणठणीत माणसाच्या नकाशातही मधोमध ठसठशीत लाल पट्टा दिसतो. तो दोन्ही गोलार्धांना जोडणारा कॉर्पस कॅलोसम असतो.

अडचण आकड्यांची आहे. कन्कशन झालेल्या पन्नास जणांची सरासरी आणि निरोगी पन्नास जणांची सरासरी यांत फरक दिसतो, असे अनेक अभ्यास आहेत. पण इजेनंतरच्या पहिल्या काही दिवसांत काही अभ्यासांत हा आकडा वाढलेला मिळाला, काहींत घटलेला, कारण तंतूंची सूज आणि तंतूंचा ऱ्हास यांचा परिणाम उलट दिशांचा असतो. शिवाय वय, अर्धशिशी, नैराश्य यांनीही आकडा हलतो; एका यंत्रावरचा आकडा दुसऱ्या यंत्रावरच्या आकड्याशी जुळत नाही. तुमच्या मुलीचा इजेपूर्वीचा डीटीआय कोणाकडे नाही. म्हणून आज तिचा आकडा थोडा कमी आला तर तो या गुडघ्याच्या फटक्यामुळे कमी झाला की पहिल्यापासूनच तसा होता, हे मी छातीठोकपणे सांगू शकणार नाही, आणि जो सांगेल त्याच्यावर मी विश्वास ठेवणार नाही. खेळातील कन्कशनवरची आंतरराष्ट्रीय परिषद २०२२ मध्ये ॲमस्टरडॅमला झाली, तिच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निवेदनातही प्रगत प्रतिमा-तपासण्या संशोधनासाठी मोलाच्या, पण रोजच्या रुग्णसेवेत वापरण्याइतक्या सिद्ध झालेल्या नाहीत, अशीच भूमिका आहे. तुमच्या डॉक्टरांचे दोन शब्दांचे उत्तर बरोबर होते; ते समजावून सांगायला त्यांना पाच मिनिटे मिळायला हवी होती.

एक काम मात्र करा. झालेल्या एमआरआयच्या अहवालात तपासणीचे तंत्र जिथे लिहिलेले असते, तिथे एसडब्ल्यूआय किंवा जीआरई यांचा उल्लेख आहे का ते पाहा. सूक्ष्म रक्तस्रावाचे डाग या प्रतिमांमध्ये स्पष्ट दिसतात. त्या घेतल्या नसतील तर डॉक्टरांना तसे विचारणे योग्य ठरेल. आणि डोकेदुखी एकाएकी वाढत गेली, पुन्हा उलट्या सुरू झाल्या, झोपेतून जागे करणे कठीण झाले, झटका आला किंवा हातापायात कमजोरी आली, तर मात्र कोणाच्याही उत्तराची वाट न पाहता रुग्णालय गाठा.


उपवनसकाळ :

डॉक्टरांचे म्हणणे मी आदराने वाचले, पण एक वेगळी बाजू मांडतो. माझा धाकटा भाऊ गोविंदा पथकात होता. काही वर्षांपूर्वी सरावात पाचव्या थरावरून पडला. सीटी नॉर्मल. पुढचे दोन महिने तो चिडचिडा झाला, हिशेबात चुका करू लागला, आणि घरात सर्वांनी त्याला आळशी ठरवले. शेवटी एका डॉक्टरांनी मोठ्या क्षमतेच्या यंत्रावर एमआरआय करवला, तेव्हा मेंदूच्या पुढच्या भागात सूक्ष्म रक्तस्रावाचे तीन ठिपके दिसले. उपचार काही बदलले नाहीत. बदलले ते आमचे वडील. त्यांनी ती फिल्म खिडकीच्या उजेडात धरून बराच वेळ पाहिली आणि त्या दिवसापासून भावाला एकदाही टाकून बोलले नाहीत.

म्हणून मला वाटते की ताईंना खर्च परवडत असेल, तर पुरावा मिळवण्यासाठी तपासणी करणे चुकीचे नाही. आजाऱ्याला औषधाइतकीच विश्वासाची गरज असते आणि आपल्या घरांत कागदावर उमटलेल्या गोष्टीवरच विश्वास बसतो, हे वास्तव आहे.


पारसिकपायथा :

उपवनसकाळ, तुमच्या वडिलांविषयीचे वाचून गलबलून आले. तुमच्या भावाची तपासणी योग्यच होती. मेंदूच्या इजेवरील अमेरिकेतील ट्रॅक-टीबीआय या प्रकल्पाचा २०१३ चा एक अभ्यास आहे. त्यात सीटी नॉर्मल असलेल्या सौम्य इजेच्या रुग्णांपैकी २७ टक्के रुग्णांच्या सुरुवातीच्या काळात केलेल्या एमआरआयमध्ये काही ना काही दोष आढळला, आणि तीन महिन्यांनंतर रुग्ण कसा असेल याचा अंदाज बांधायला त्याची मदत झाली. म्हणूनच मी एसडब्ल्यूआयची चौकशी करायला सांगितले. ठिपका हा ठिपका असतो. तो दोन रेडिओलॉजिस्टना सारखाच दिसतो. डीटीआयचा आकडा तसा नाही.

पण त्याच अभ्यासात उरलेल्या ७३ टक्के रुग्णांचे एमआरआय स्वच्छ होते, हेही लक्षात घ्या. त्यांतील ज्यांना त्रास होत होता, त्यांच्या त्रासाचे काय? पुरावा चित्रातच मिळाला पाहिजे असे आपण ठरवले, तर त्या सर्वांना आपण खोटे ठरवतो. ताईंनी विचारलेच आहे की डीटीआयही नॉर्मल आला तर मुलीला काय सांगायचे. मला या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तो वाटतो. आज तिच्यापाशी दोन नॉर्मल अहवाल आहेत. तिसराही नॉर्मल आला, तर तिच्या बाजूने बोलण्याची जागा आणखी आक्रसेल, आणि तीही अशा तपासणीमुळे, जी तिच्या त्रासाचे खरे-खोटे करू शकत नाही.


वाशीखाडी :

मी डॉक्टर नाही. मेंदूच्या एमआरआय प्रतिमांचे संगणकीय विश्लेषण करणे हे माझे काम आहे, त्यामुळे एफएमआरआयविषयी थोडे लिहिते. ताईंच्या प्रश्नातील एका वाक्यामुळे लिहावेसे वाटले. ते वाक्य पुढे येईल.

एफएमआरआय विचारांचे छायाचित्र काढत नाही. १९९० मध्ये सेइजी ओगावा यांनी दाखवले की ऑक्सिजन असलेले आणि ऑक्सिजन सोडलेले हिमोग्लोबिन चुंबकीय क्षेत्रात वेगवेगळे वागतात आणि हा फरक एमआरआयमध्ये टिपता येतो. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे काही सेकंदांत ताजे रक्त वाहू लागते, आणि आपण मोजतो ते हे रक्त. १९९५ मध्ये भारत बिस्वाल यांनी त्यापुढची गोष्ट दाखवली. माणूस काहीही न करता स्वस्थ पडलेला असतानाही मेंदूच्या डाव्या आणि उजव्या बाजूंचे हालचालींशी संबंधित भाग एकाच लयीत वर-खाली होत असतात. दूरदूरचे भाग एकमेकांशी कसे जोडलेले आहेत, याचा अभ्यास तिथून वाढला. कन्कशननंतर या जोडण्या बदलतात असे गटांच्या अभ्यासांत दिसते. काही सैल होतात, काही उलट अधिक घट्ट होतात. परंतु वरती डॉक्टरांनी डीटीआयबद्दल सांगितलेली मर्यादा इथे आणखी कडक आहे. त्याच निरोगी माणसाला आठ दिवसांनी पुन्हा यंत्रात झोपवले तरी त्याच्या जोडण्यांचे आकडे बदलतात. अपुरी झोप, सकाळचा चहा, डोक्याची किंचित हालचाल, एवढ्यानेही ते हलतात. दिवसभर असे आकडे पाहणारी मी, माझ्या बहिणीला कन्कशन झाले तर तिचा एफएमआरआय करून ती खेळायला तयार आहे की नाही हे ठरवणार नाही.

आता ते वाक्य. ताईंनी लिहिले आहे की मुलीला शिकवलेले समजते, पण त्यासाठी फार शक्ती लागते. १९९९ मध्ये थॉमस मॅकॅलिस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सौम्य इजेनंतर एक महिन्याने रुग्णांना एफएमआरआय यंत्रात झोपवून कार्यस्मृतीची एक चाचणी दिली. ऐकलेली अक्षरे लक्षात ठेवायची आणि मागच्याशी ताडून पाहायची, अशी ती चाचणी होती. रुग्णांची उत्तरे निरोगी लोकांइतकीच बरोबर आली. पण काम थोडे कठीण झाल्याबरोबर रुग्णांच्या मेंदूचा, विशेषतः उजव्या बाजूचा, बराच मोठा भाग कामाला लागलेला दिसला. उत्तरपत्रिका सारखीच होती, ती लिहिण्यासाठी लावावे लागलेले बळ वेगळे होते. मुलगी जे सांगते आहे त्याच्याशी हे किती जवळचे आहे ते पाहा. केवळ निकाल पाहणाऱ्याला ती पूर्वीसारखीच वाटणार. तिला जी किंमत मोजावी लागते आहे ती फक्त तिलाच कळते.

दुसरा अभ्यास खेळाशी थेट संबंधित आहे. एमआरआय यंत्रावरच स्पेक्ट्रोस्कोपी नावाची तपासणी करता येते. तिच्यात चित्राऐवजी मेंदूतील काही रसायनांचे प्रमाण कळते. त्यांतील एन-ॲसिटिल ॲस्पार्टेट हे रसायन चेतापेशींच्या ऊर्जास्थितीची खूण मानले जाते. इटलीतील वॅग्नोझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कन्कशन झालेल्या खेळाडूंमध्ये ते वारंवार मोजले आणि २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. खेळाडूंची लक्षणे साधारण दोन आठवड्यांत गेली होती. रसायनाचे प्रमाण पूर्ववत व्हायला मात्र सुमारे ३० दिवस लागले. याच गटाच्या आधीच्या कामात असेही दिसले होते की या मधल्या काळात पुन्हा मार बसला तर भरून यायला आणखी वेळ लागतो.

या संशोधनाचा फायदा मिळण्यासाठी प्रत्येक रुग्णाने यंत्रात झोपण्याची गरज नाही, असे मला मनापासून वाटते. 'बरे वाटणे' आणि 'बरे होणे' यांत काही आठवड्यांचे अंतर असू शकते, हे त्या खेळाडूंनी यंत्रात झोपून आपल्यासाठी शोधून दिले आहे. खेळात एकदम न परतता पायरीपायरीने परतावे, या नियमाला त्या अंतराचाही आधार आहे. प्रशिक्षकांना हे सांगता येईल. तुमच्या मुलीची तर अजून लक्षणेच गेलेली नाहीत, त्यामुळे तिच्याबाबतीत मॅटचा प्रश्नच आज उद्भवत नाही.


तीनहातनाका :

मी ठाण्यात फिजिओथेरपिस्ट आहे आणि तोल जाणे, चक्कर येणे या तक्रारींच्या रुग्णांवर काम करते. तुमच्या वर्णनातील दोन गोष्टी तपासून पाहण्याजोग्या आहेत आणि त्यांसाठी कोणतेही मोठे यंत्र लागत नाही.

वाचताना ओळी मिसळणे हे अनेकदा दोन्ही डोळे एकत्र नाकाकडे वळवण्याची क्षमता घटल्याचे लक्षण असते. पेनाचे टोक समोरून हळूहळू नाकाकडे आणत गेले तर साधारण ५ ते ६ सेंटीमीटर अंतरापर्यंत ते एकच दिसायला हवे. त्याआधीच दोन दिसू लागले तर डोळ्यांच्या व्यायामाने बराच फरक पडू शकतो. लोकलमध्ये मळमळणे हे आतल्या कानातील तोलाची यंत्रणा आणि डोळे यांचा मेळ बिघडल्याचे द्योतक असू शकते. गाडी हलते आहे, माणसे हलत आहेत, खिडकीतून खांब मागे पळत आहेत, आणि मेंदूला स्थिर काय आहे हे ठरवता येत नाही. त्याचबरोबर मानही तपासून घ्या. डोक्याला बसलेला झटका मान सहन करते, आणि दुपारनंतर वाढणारी डोकेदुखी पुष्कळदा मानेतूनच वर चढत असते. सातव्या आठवड्यातही उरलेला त्रास या तीन ठिकाणांहून येत असेल, तर त्यावर उपचार आहेत. डीटीआयने यांतले काहीही कळले नसते.

विश्रांतीविषयीही लिहिते. अंधाऱ्या खोलीत आठवडेच्या आठवडे पडून राहण्याचा सल्ला आता दिला जात नाही. पहिले एक-दोन दिवस सापेक्ष विश्रांती, म्हणजे पूर्ण पडून न राहता हलकी कामे, आणि त्यानंतर झेपेल एवढे चालणे-फिरणे, हेच आज मान्य आहे. बफेलो येथील जॉन लेडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये किशोरवयीन खेळाडूंवर केलेल्या चाचणीत हलका एरोबिक व्यायाम करणारा गट साधारण १३ दिवसांत बरा झाला, तर नुसते स्ट्रेचिंग करणारा गट १७ दिवसांत. त्यांची पद्धत अशी की ट्रेडमिलवर चालवत चढ हळूहळू वाढवायचा आणि ज्या क्षणी लक्षणे वाढू लागतात तेव्हाचे हृदयाचे ठोके नोंदवायचे. समजा ते १४० असतील, तर त्याच्या ८० ते ९० टक्के, म्हणजे ११२ ते १२६ च्या दरम्यान ठोके राहतील एवढाच व्यायाम रोज वीसेक मिनिटे द्यायचा आणि दर आठवड्या-दोन आठवड्यांनी ही मर्यादा पुन्हा तपासायची. त्रास कुठे सुरू होतो ती रेषा दर वेळी थोडी वर सरकताना दिसते. बरे होणे मोजायचे असेल तर मला ही रेषा कोणत्याही नकाशापेक्षा जास्त भरवशाची वाटते. हे स्वतः घरी करू नका. जाणकाराच्या देखरेखीखालीच करा.

प्रशिक्षकांच्या बोलण्याचा मला राग आला, हे लपवत नाही. कबड्डीत गुडघा डोक्याला लागला तर तोंडावर पाणी मारून मुलीला पुन्हा उभे करण्याची सवय मी अनेक मैदानांवर पाहिली आहे. क्रिकेटने २०१९ पासून कन्कशन झालेल्या खेळाडूच्या जागी बदली खेळाडू घेण्याची मुभा दिली. डिसेंबर २०२० मध्ये कॅनबेराला रवींद्र जडेजाच्या हेल्मेटवर चेंडू आदळला, तो त्यानंतरही फलंदाजी करत राहिला, आणि तपासणीनंतर दुसऱ्या डावात त्याच्या जागी युजवेंद्र चहल मैदानात उतरला. उभे राहता येणे हा डोके ठीक असल्याचा पुरावा नाही, हे तिथे नियमाने मान्य केले गेले. आपल्या मातीतल्या खेळातही ते मान्य व्हायला हवे.


मासुंदाकाठ :

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनंतर लिहिते आहे, क्षमस्व.

एमआरआयचा अहवाल पुन्हा पाहिला. त्यात एसडब्ल्यूआय घेतल्याची नोंद होती आणि तेही नॉर्मल होते. डीटीआय आम्ही केला नाही. मेंदूविकारतज्ज्ञांकडे या वेळी आठवड्याची नोंदवही घेऊन गेलो : किती वाजता डोके दुखले, त्याआधी काय केले, किती वेळ वाचले, किती झोपली. ती वही त्यांनी शांतपणे वाचली आणि स्वतःहूनच तोल व डोळ्यांच्या तपासणीसाठी पाठवले. पेन नाकाकडे आणताना १४ सेंटीमीटरवरच तिला दोन टोके दिसत होती. मानेच्या वरच्या सांध्यांमध्येही ताठरपणा निघाला. आता रोज डोळ्यांचे आणि मानेचे व्यायाम चालू आहेत, आणि एक दिवसाआड केंद्रात ट्रेडमिल. पहिल्या दिवशी १२८ ठोक्यांना डोके जड झाले होते, परवा १४१ पर्यंत काही झाले नाही. लोकलमध्ये ती आता खिडकीकडे न पाहता डब्यातल्या एखाद्या खांबावर नजर ठेवून उभी राहते. मळमळ पूर्ण थांबलेली नाही, पण परवा घणसोली गेल्यावर तिच्या लक्षात आले की रबाळे केव्हाच मागे पडले.

वाशीखाडी यांनी लिहिलेला १९९९ च्या अभ्यासाचा परिच्छेद मी तिला वाचून दाखवला. तिने फोन माझ्या हातातून घेतला, स्वतः पुन्हा वाचला आणि तो तसाच्या तसा संघाच्या गटावर पाठवून दिला. त्यावर तिने स्वतःचे एक अक्षरही लिहिले नाही. त्या रात्री तिच्या वडिलांनी तिचे ताट वाढून तिच्या खोलीत नेले. मीही तिची माफी मागितली.

एक विचारायचे राहिले आहे. सत्र परीक्षा तीन आठवड्यांवर आली आहे. सलग तीन तास लिहिणे तिला आज शक्य नाही. महाविद्यालयाकडे काय मागावे?


तीनहातनाका :

ताई, १२८ वरून १४१ ही चांगली प्रगती आहे. परीक्षेसाठी मेंदूविकारतज्ज्ञांकडून लेखी पत्र घ्या आणि त्यात केवळ 'कन्कशन' असे न लिहिता तिला नेमके काय झेपत नाही ते लिहायला सांगा : सलग किती मिनिटे वाचता येते, किती वेळाने विसावा लागतो, कोणत्या प्रकाशात त्रास होतो. त्यासोबत डोळ्यांच्या तपासणीतील १४ सेंटीमीटरची नोंद जोडा. मग जादा वेळ, दर ४० मिनिटांनी थोडी विश्रांती, ट्यूबलाइटपासून दूर खिडकीजवळची जागा आणि एका दिवशी एकच पेपर, एवढ्या गोष्टी मागा. हे पत्र परीक्षा विभागाकडे या आठवड्यातच द्या, आणि पोच म्हणून शिक्का मारलेली प्रत स्वतःजवळ ठेवा. खेळाच्या पायऱ्यांचा विचार परीक्षा संपल्यावर करू. आधी अभ्यास पूर्ण वेळ झेपला पाहिजे, मग धावणे, मग स्पर्श नसलेला सराव, आणि पकडीचा सराव डॉक्टरांनी लेखी परवानगी दिल्यानंतरच.


पारसिकपायथा :

त्या पत्रासोबत एमआरआयचा अहवालही द्यायचा झाला, तर डॉक्टरांना त्यात एक वाक्य घालायला सांगा : कन्कशनमध्ये एमआरआय नॉर्मल असणे अपेक्षित असते आणि त्यावरून लक्षणे नाकारता येत नाहीत. नाहीतर परीक्षा विभागातील कोणीतरी त्या अहवालाची शेवटचीच ओळ वाचेल. लिहिताना काही शब्द अडले तर इथे कळवा, मी पाहून देईन.